झरतीची खोली

खोलीच्या दारावर नवी कोरी पाटी होती. नात सुनीतीनं ती मुक्ताबाईला वाचून दाखवली: 'झरती खोली. येथे पूर्वी गोड्या पाण्याचा झरा होता. मिठागराचे इंग्रज साहेब येथे स्नान करीत.'

मुक्ताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

उरणची मिठागरं नव्या शहराच्या भरावाखाली गेली. साहेबाचा बंगला तेवढा डागडुजी करून जपला, का तर इतिहास. उद्या त्यातल्या संग्रहालयाचं उद्घाटन, म्हणून आज गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बघायला बोलावलं होतं.

पाटी लिहिली होती संग्रहालयाचे अधिकारी श्यामसुंदर यांनी. मागे ते वही घेऊन मुक्ताबाईच्या ओटीवर आले होते, तेव्हा तिनंच त्यांना खोलीचं नाव सांगितलं होतं. आगऱ्यांच्या तोंडी ड चा र होतो, एवढं तरी शिकल्यासवरलेल्या माणसानं कुणाला विचारावं की नाही? झडतीची झरती झाली आणि यांच्या वहीत झरा वाहू लागला.

ते दाराशीच उभे होते. तिनं त्यांना तिथंच धरलं आणि सगळं सांगितलं. संध्याकाळी काम सुटलं की बायांना एकेक करून या खोलीत घेत. मूठभर मीठ लपवलंय का म्हणून साहेबाचा शिपाई त्यांचा अंबाडा, पदर, ओटी, सगळं चाचपायचा. दार उघडंच असायचं. मुक्ताबाईची आई इथून बाहेर पडली की पदर घट्ट लपेटून घराकडे चालू लागे.

श्यामसुंदरनी ऐकून घेतलं. "आजी, तुमचं खरं असेल. पण पाटी रंगवून झालीय. उद्या मोठी माणसं येणार, असलं काही लिहिलेलं बरं दिसत नाही."

"बरं दिसत नाय," मुक्ताबाई म्हणाली. "हात वर कर."

ते हसले. सुनीतीनं आजीचा दंड धरला, तो तिनं झटकला.

"कर वर."

आवाजच असा होता की त्यांचे हात आपोआप वर गेले. मुक्ताबाईनं त्यांची कॉलर उलटली, दोन्ही खिसे चाचपले. मग तिचा हात कमरेच्या पट्ट्यावर गेला, तसे ते चटका बसल्यासारखे मागे सरले. दारात सगळं गाव जमलं होतं.

"अहो आजी, लोक बघतायत."

"तवा पन बघत व्हते," मुक्ताबाई म्हणाली. "आता लिव."