गोल झाकणाची उजवी बाजू

"लोक वाचतच नाहीत, त्याला आपण काय करणार?" परत आलेलं आणखी एक यंत्र टेबलावर आदळत बाबा म्हणाले.

घशात अडकलेला कफ ओढून काढणारं हे यंत्र त्यांनीच घडवलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी ते जायचं. त्याची माहितीपुस्तिका लेक लिहायची. नवी आवृत्ती छापायला गेली होती, तरी ती सकाळपासून परत आलेली यंत्रं उघडत बसली होती. प्रत्येकाच्या पंपात पाणी शिरलेलं.

"बाबा, यांनी वाचलंय," ती म्हणाली. "वाचलं म्हणूनच बिघडलंय."

बाबा हसले. तिने धड असलेलं एक यंत्र पुढे ओढलं. बाटलीच्या झाकणाला दोन तोंडं होती, एक रुग्णाच्या नळीचं, आतून बाटलीच्या तळापर्यंत उतरणारं; दुसरं पंपाचं, वरूनच हवा ओढणारं.

"लावा बरं."

बाबांनी न बघताच नळ्या लावल्या. अचूक.

"हे तुमच्या हातांना ठाऊक आहे. आता लिहिलंय तेवढंच करायचं." तिने झाकण काढलं, अर्धं फिरवून पुन्हा बसवलं आणि वाचलं, "रुग्णाची नळी उजव्या तोंडाला लावा."

बाबांनी ती लावली, पंपाची नळी उरलेल्या तोंडाला. नळीचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवून बटण दाबलं. पाणी बाटलीत आलं आणि तिथून थेट पंपात चढलं. यंत्र गुरगुरलं आणि बंद पडलं.

बाबांनी झाकण काढून हातात फिरवून पाहिलं. जुन्या झाकणाला खाच होती, ते एकाच बाजूने बसायचं. खाचेपाशी तडे जातात म्हणून त्यांनीच हे गोल झाकण आणलं होतं. ते कसंही बसायचं. वाक्य मात्र जुनंच राहिलं होतं.

कालच एक गृहस्थ काकुळतीने सांगत होते, "साहेब, पुस्तक हातात धरूनच लावलं हो! बायको घुसमटली होती. शेजारच्या नर्सबाई धावल्या म्हणून वाचली." बाबांनी त्यांना पुस्तिका नीट वाचायला सांगून वाटेला लावलं होतं.

त्यांनी फोन उचलला. आधी छपाई थांबवली. मग त्या गृहस्थांना फोन लावला. "चूक तुमची नव्हती, आमची होती," एवढं बोलायला त्यांना बराच वेळ लागला. ज्यांच्या घरी ही यंत्रं होती, त्या सगळ्यांना आजच कळवायला त्यांनी ऑफिसात सांगितलं.

मग ते लेकीसमोर खुर्ची ओढून बसले.

"पहिल्या पानापासून वाच," ते म्हणाले. "आणि सावकाश वाच. मला यातलं काहीएक येत नाही."