सहावं पाणी

लटारूला जाऊन वर्ष झालं. त्याच्या नावानं मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडायची म्हणून निकेशनं पहिल्यांदाच बापाची भट्टी पेटवली. जिवंतपणी बापानं तिच्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. "तू शाळेत जाय," म्हणे. वाफ थंड करणारं वरच्या भांड्यातलं पाणी तापलं की बदलायचं आणि मोजणीसाठी दर पाण्याला खडा ठेवायचा, लांबून पाहिलेलं आठवत होतं. बापाच्या पिशवीत पाच खडे निघाले. पाचवं पाणी तापताच तो भट्टीतली लाकडं ओढू लागला. मायनं थेंब जिभेवर ठेवला. "बहुत कडक. तुह्या बाबाची सहा पाण्याची राहे." "मंग खडे पाचच काऊन?" "सहाव्यापर्यंत माहा सयपाक होये. मी हाक मारली का ते लाकडं ओढत." निकेशनं सहावं पाणी ओतलं. ते तापून वाफ निघाली, तशी माय उठली. भट्टीकडं तोंड करून तिनं वर्षभरानं हाक मारली, "जेवाले या जी."