कॉलरवरचा डाग

थोरलीने शर्ट नाकाशी धरला आणि इस्त्री बाजूला उभी करून ठेवली. पुन्हा तोच वास. ज्येष्ठमधाचा.

तिचं धुलाईचं दुकान होतं. वीस वर्षांत नाक इतकं तयार झालं होतं की शर्ट हातात आला की गिऱ्हाईक दुपारी काय जेवलं ते ती सांगायची. हा शर्ट मात्र गिऱ्हाइकाचा नव्हता, नवऱ्याचा होता. कॉलरच्या आतल्या बाजूला, कानाखाली येईल अशा ठिकाणी, बोटभर काळपट डागही होता. चिकट हात मानेला पुसायची सवय असेल, दुसरं काय. पन्नाशी आली तरी पोरकटपणा जात नाही.

नवरा घड्याळजी होता. दोन गल्ल्या सोडून त्याचं दुकान. डोळ्याला भिंग लावून बसला की तोंडात ज्येष्ठमधाची काळी वडी हवीच. "आधी तोंड वाकडं होतं," तो रंगात येऊन सांगायचा. "मग घशात असा गोडवा उतरतो की तासभर जात नाही. एकदा चटक लागली की संपलं."

दिवसाला मूठभर, तेही वर्षानुवर्षं. सहा महिन्यांपूर्वी तो कामावरून उठायला गेला आणि पायांनी साथच सोडली. छाती धडधडत होती, रक्तदाब भलताच चढला होता. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे बरणीचा पत्ता लागला. रोज एवढं ज्येष्ठमध पोटात गेलं की रक्तातलं पोटॅशियम उतरतं, ते म्हणाले, अंगावर सूज येते आणि हृदय कधी दगा देईल सांगता येत नाही. ते चार दिवस थोरलीने दवाखान्याच्या बाकावर काढले. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं. घरी येताच त्याने तिची शपथ घेऊन वड्या सोडल्या.

उरलेली भरली बरणी धाकटीने नेली. धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण, नवऱ्यापासून वेगळी होऊन नुकतीच जवळ राहायला आलेली. "तुझ्याच्याने टाकवणार नाही," ती म्हणाली होती. "आण इकडे. जाता जाता कचऱ्यात टाकते."

तिच्या हाताला काम नव्हतं, म्हणून थोरलीनेच तिला घड्याळांच्या दुकानात बसवलं. एका दगडात दोन पक्षी.

"गिऱ्हाइकं सांभाळ," तिने बजावलं, "आणि त्याच्या तोंडावर लक्ष ठेव."

"ठेवते," धाकटी म्हणाली.

आणि तरीही गेले दोन महिने हा वास येत होता. कॉलरला, कधी मिशीला. थोरलीने संध्याकाळी शर्ट नवऱ्यासमोर टाकला.

"हे काय?"

त्याने डागाकडे पाहिलं. "तेल असेल. घड्याळाचं."

"मला तेल ओळखता येत नाही?"

"एक वडी खाल्ली असेल तर तुझी शपथ," तो म्हणाला आणि चपला शोधायला गेला.

थोरलीला रडूच आलं. वड्या खाल्ल्याचं एवढं नव्हतं. ज्याच्यासाठी तिने मीठसुद्धा मोजून घालायला सुरुवात केली, तो डोळ्यांत डोळे न घालता तिचीच खोटी शपथ घेत होता. केसाने गळा कापणं याहून काय वेगळं असतं?

दुसऱ्या दिवशी तिने धाकटीला गाठलं.

"खरं सांग. खातो ना तो?"

"माझ्यासमोर तरी नाही," धाकटी म्हणाली. हल्ली दात दुखतो म्हणून ती तोंडावर हात धरूनच बोलायची. "दिवसभर मी तिथेच असते, ताई. इतका संशय बरा नाही."

"तूच एक आहेस गं माझी," थोरली म्हणाली. धाकटी चपलेचा पट्टा सैल करत होती. तिचे पाय सुजले होते. दिवसभर स्टुलावर बसून बसून, असं तिचं म्हणणं.

शेवटी थोरलीने नवऱ्याला तपासणीला नेलंच. रक्त खोटं बोलत नाही. धाकटीलाही बरोबर घेतलं, साक्षीदार म्हणून.

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि हसले. "उत्तम. पोटॅशियम छान, रक्तदाब छान. यांनी पथ्य अगदी कडक पाळलंय."

"पण डॉक्टर, वास येतो. मी स्वतः घेतलाय."

"वासाचं मला ठाऊक नाही. यांनी वड्या चालू ठेवल्या असत्या तर इथे दिसलं असतं."

थोरलीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दोन महिने तिने या भल्या माणसाला चोर ठरवलं होतं. तिने त्याचा हात घट्ट धरला. "चुकलं माझं," ती म्हणाली. त्याने रिपोर्टची घडी घालायच्या निमित्ताने तो सोडवून घेतला.

डॉक्टरांचं लक्ष धाकटीच्या पायांकडे गेलं. "हे कधीपासून?"

"झाले असतील पंधरा दिवस."

"छातीत धडधडतं?"

"कधी कधी."

"अगं, मग बोलली नाहीस ते!" थोरली कळवळली. "डॉक्टर, हिला आत्ताच्या आत्ता तपासा."

डॉक्टरांनी रक्तदाब मोजला. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "जीभ बघू."

धाकटीने घड्याळजीकडे पाहिलं. घड्याळजी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता, जणू ते बंद पडलं होतं.

थोरलीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "दाखव गं, घाबरतेस काय. मी आहे ना."

धाकटीने जीभ बाहेर काढली. ती शेंड्यापासून मुळापर्यंत काळीभोर होती.