तुच्छ नजरेचा हंस

"याही हंसाला तिचंच तोंड आलंय," गर्डा म्हणाली.

ऑरिनने ऐकलं नाही. त्याच्या हातात घरघरणारी करवत होती, कानांवर आवाज अडवणारे मफ होते आणि डोक्यात, गर्डाच्या मते, नेहमीप्रमाणे काहीच नव्हतं. तो तिचा धाकटा भाऊ. अमेरिकेतल्या थंडगार डुलुथ गावात लग्नाकार्यांसाठी बर्फाचे पुतळे कोरायचा. महिन्यापूर्वी त्याची बायको मार्लीन निघून गेली, गरम पाण्याचे टब विकणाऱ्या माणसाबरोबर. बर्फवाल्याला सोडून टबवाल्याकडे. गर्डाला यात पापापेक्षा आचरटपणा जास्त दिसला.

मार्लीन गेली त्याच दिवशी गर्डाने कारखान्यातली तिची खुर्ची आणि धंदा, दोन्ही ताब्यात घेतले. खुर्ची ऑरिनच्या अगदी समोर होती. तिथून फोन घेता यायचे आणि भावावर नजरही ठेवता यायची. चर्चमधल्या बायका सांत्वनाला बटाट्याचं हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेलं कालवण, घेऊन यायच्या. गर्डा झाकण उचलून आत बघायची आणि झाकण पुन्हा ठेवायची. त्या बायका परत आल्या नाहीत.

पुतळे तेव्हापासून बिघडले. आधी ऑरिनचे हंस गोड असायचे, जेवून सुस्तावलेल्या पाद्र्यासारखे. आता त्यांची मान ताठ झाली, एक भुवई वर चढली. हंसाला भुवई नसते, हे गर्डाने त्याला सांगूनही पाहिलं. बँकेसाठी केलेला गरुड लोकांकडे असा बघत होता, की रांगेतल्या एका म्हाताऱ्याने कारण नसताना त्याची माफी मागितली. हॉकी संघाने अस्वल मागवलं होतं. सामन्याआधी खेळाडूंनी त्याच्यावर टॉवेल टाकला.

"बायको डोक्यातून जात नाही या मूर्खाच्या," गर्डा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. "हात लावेल तिथे तिचं थोबाड. दिसतंय ना?"

गिऱ्हाईक हंसाकडे बघायचं, मग गर्डाकडे, मग स्वतःच्या बुटांकडे.

"जरा वेगळा आहे," म्हणायचं.

डुलुथमध्ये याहून कडक शब्द तोंडावर कोणी वापरत नाही. शेजाऱ्याचं घर पेटलं तरी इथे आधी थंडीबद्दल बोलतात.

धंदा बसणार, हे दिसतच होतं. पण तेवढ्यात हॉल्वरसन नावाच्या एका गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न झालं. म्हणजे झालं नाही. आदल्या संध्याकाळच्या जेवणात हंस नेमका नवऱ्यामुलासमोर ठेवला होता. सूप संपेपर्यंत पोराने ती नजर सोसली. मग तो उठून उभा राहिला आणि विनिपेगला आपली आधीच एक बायको आहे, असं सगळ्यांना सांगून टाकलं.

हॉल्वरसन दुसऱ्या दिवशी कारखान्यात आला. गर्डा बाह्या सरसावून बसली होती. त्याने तिचा हात हातात घेतला आणि रडला.

त्यानंतर फोन थांबेना. ज्या ज्या घरात जावई पसंत नव्हता, त्या त्या घराला हंस हवा होता. आणि डुलुथमध्ये जावई कोणालाच पसंत नसतो. शेवटी जज्ज टॉर्गर्सन बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलीचं लग्न शनिवारी होतं.

"तीच नजर पाहिजे," बाई म्हणाल्या. "हंस गोड निघाला तर दारातूनच परत पाठवीन. आणि का पाठवला, हे गावाला सांगेन."

बाईंनी परत पाठवलेला हंस पुन्हा कोणी मागवला नसता. कारखान्याला कुलूप लागलं असतं. एवढं तर ऑरिनलाही कळत होतं.

आणि आज, शुक्रवारी, हंस अर्धा झालेला असताना मार्लीन सूटकेस घेऊन दारात उभी राहिली. ऑरिनची दाराकडे पाठ होती. करवत चालूच होती.

"त्याच्या घरी दिवसभर नुसती वाफ," मार्लीन म्हणाली. "भिंतींना घाम येतो. मला घरी यायचंय, गर्डा."

गर्डा खुर्चीतून उठली नाही. "रविवारी ये."

"मी त्याची बायको आहे!"

"म्हणून तर सांगते. तुला बघून हा पाघळणार आणि हंसही पाघळणार. तुझ्या विरहावर चाललाय हा धंदा. जन्मात पहिल्यांदा तुझा कोणाला उपयोग होतोय, तेवढा तरी नीट होऊ दे. जा, टबात बस दोन दिवस."

"माझा काय संबंध?"

"बघ की. डोळे आहेत ना?"

मार्लीनने सूटकेस खाली ठेवली. ऑरिनच्या पाठीमागे येऊन त्याच्या खांद्यावरून तिने हंस पाहिला. बराच वेळ पाहिला. मग तिने गर्डाकडे पाहिलं. मार्लीन मूळची न्यू जर्सीची. बुटांकडे बघण्याची सवय तिला लागलीच नव्हती.

"ही मी नाही," ती म्हणाली.

"तू नाहीस?" गर्डा हसली. नाकाने हसली, कारण मार्लीनसाठी तोंड उघडून हसणं तिला परवडण्यासारखं वाटत नव्हतं. "मग कोण आहे ही? तळ्यातून वर आलेली जलपरी?"

ऑरिनने करवत बंद केली. मफ काढले. पाठीमागे कोण उभं आहे, याचा त्याला अजून पत्ताच नव्हता. त्याने छिन्नी उचलली, एक डोळा मिटला आणि समोरच्या खुर्चीकडे निरखून पाहिलं.

"गर्डा, हलू नकोस," तो म्हणाला. "तोंड अजून अर्धंच झालंय."