फोटोखालची ओळ

गजानन सरांनी चौथ्या पाहुण्याला हाताला धरून त्या फोटोसमोर आणून उभं केलं. "हा आमच्या तेजस्विनीनं काढलाय," हे त्यांनी इतक्या मोठ्यानं सांगितलं, की सिल्वासाच्या त्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये ज्यांना माहीत होतं त्यांनाही ते पुन्हा कळलं.

"बाबा, पुरे आता," तेजस्विनी म्हणाली. पण मनातून तिला गुदगुल्या होत होत्या. आणि का होऊ नयेत? शाळेत तिला पोरं 'डांबर' म्हणत. गोरं करणाऱ्या क्रीमच्या किती ट्यूबा तिनं चेहऱ्यावर संपवल्या होत्या! आपल्या वाट्याला आलं ते दुसऱ्या कुठल्या मुलीच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी तर तिनं कॅमेरा गळ्यात अडकवून राखोली, नरोली अशी आसपासची गावं पालथी घातली होती.

गर्दी होती ती याच, नरोलीच्या फोटोसमोर. ब्युटी पार्लरचा आरसा. त्याच्यावर दुधासारख्या गोऱ्या बाईची जाहिरात. आणि खाली सावळी, नऊ वर्षांची रोशनी, आरशाला नाक लागेल इतकी जवळ. ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी. तिची आई कोंडाबाई तेव्हा शेजारच्या खुर्चीत भुवया करून घेत होती. फोटो काढू का, एवढंच तेजस्विनीनं तिला विचारलं. मुलीला काही विचारायची गरजच वाटली नाही. तो चेहरा तिला तोंडपाठ होता.

फोटोखाली तिनं एकच ओळ लिहिली होती : 'मी गोरी का नाही?'

"वाचून गलबलून आलं हो," एक बाई डोळे टिपत म्हणाल्या. गजानन सरांची छाती आणखी फुगली.

तेवढ्यात कोंडाबाई आली. लग्नातली साडी नेसून, लेकीला पुढे घालून. भिंतीवर आपल्याच पोरीचा फोटो दिसताच तिला राहवेना.

"माय वं! हाऊ मनी पोरना फोटू शे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेजस्विनीला भरून आलं. आपण काहीतरी खरं काम केलं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. ती रोशनीजवळ खाली बसली.

"बघ, हे सगळे तुझ्या बाजूनं आहेत."

रोशनीनं बोट फिरवत ओळ वाचली. मग पुन्हा वाचली.

"ताई, हे मी कधी म्हटलं?"

"तू नाही म्हणालीस गं. पण तेव्हा तुला काय वाटत होतं, ते मला कळलं होतं."

"तेव्हा? तेव्हा माझी दाढ हलत होती. जिभेनं ढकलत होते. लई दुखत होती."

आजूबाजूचे हसले. तेजस्विनीही हसायला गेली.

रोशनी मात्र हसली नाही. ती फोटोतल्या गोऱ्या बाईकडे बघत होती. मग फोटोतल्या स्वतःकडे.

"ताई," तिनं हळूच विचारलं, "मी काळी आहे, ते वाईट आहे का?"