नववी रुखरुख

मुळेकाकांनी कपाळावरची पट्टी काढून विचारलं, “गेली का गं माझी रुखरुख?”

“नाही काका,” रेवती म्हणाली, “यंत्राने नुसती नक्कल घेतली. मूळ तुमच्याकडेच राहते.”

“हात्तिच्या.”

मुलांनी वेळीच शहाणं व्हावं म्हणून या नकला शाळांत देत. त्याआधी तपासनिसाने प्रत्येक नक्कल स्वतः अनुभवायची, असा नियम होता. रेवतीची ही सकाळपासूनची नववी. तिने पट्टी लावली. काकांची आई आजारी असताना ते कचेरीच्या कामापायी तिच्याकडे गेले नव्हते, आणि गेले तेव्हा फार उशीर झाला होता. रेवतीने डोळे पुसले आणि ‘तीव्र, आठवीपासून योग्य’ असा शेरा लिहिला.

तेवढ्यात तिच्या भावाचा फोन आला. तिने तो कट केला.

“घ्यायचास की,” काका म्हणाले.

“उद्या साताऱ्याला आईचं ऑपरेशन आहे. येतेस का, म्हणून विचारतोय. अजून अकरा नकला तपासायच्यात.”

“अगं, आत्ता माझ्या आईसाठी रडलीस ना?”

“जायला हवं ते कळतं, काका. आज नऊ जणांकडून कळलंय. पण उठवत नाही.”

काकांनी यंत्राचं बटण बंद केलं, तिची पर्स उचलून तिच्या हातात दिली आणि दार उघडून धरलं.