पस्तीस महिने

“पस्तीस?” शेल्बीने खर्चपत्रक टेबलावर आपटलं. “छत्तीस हवेत ना?”

मिसेस इबारांनी चष्मा नाकावर ढकलला. ओक्लाहोमातल्या त्या छावणीच्या गावात, सरकारी महाविद्यालयाच्या खिडकीपाशी बसून त्यांनी असले तंटे ढीगभर पाहिले होते. स्वतः फौजेच्या कोठारात नोकरी केलेली बाई, आवाज चढला म्हणून दचकणारी नव्हे.

“तुझ्या नावावर पस्तीसच आहेत गं. नर्सिंगचं शेवटचं सत्र संपायच्या आत ते संपतात. शेवटचा महिना तुझ्या पदरचा. म्हणून तर हे पत्रक आधी हातात द्यायचं असतं, मागाहून डोळे पांढरे नकोत.”

शेल्बीने वडिलांकडे पाहिलं. सार्जंट हार्लन स्टिडम, निवृत्त, टोपी मांडीवर ठेवून ताठ बसले होते. बावीस वर्षांच्या नोकरीबद्दल सरकारने त्यांना छत्तीस महिन्यांचं मोफत शिक्षण दिलं होतं. स्वतः शिका, नाहीतर घरच्यांना द्या. आई गेल्यापासून घरात दोघंच, त्यामुळे शेल्बीने सगळे आपलेच धरले होते.

“एक मी बाजूला ठेवलाय,” हार्लन म्हणाले.

“कशाला? लोणचं घालायला?”

मिसेस इबारांना हसू आलं. “सार्जंट, मुलं किती तुम्हाला?”

“एकच. ही.”

“मग देऊन टाका की. घरी संगणकावर पाच मिनिटांचं काम. परवा एक निवृत्त कॅप्टन आला होता, त्याचं बघा. वर्दीत असताना धाकट्याच्या नावावर एक महिनासुद्धा टाकला नव्हता. आता नाव घालता येत नाही. एक जरी ठेवला असता तर पुढे वाढवता आला असता. शून्य ते शून्यच. ढसाढसा रडला हो बिचारा.”

“माहीत आहे,” हार्लन म्हणाले. “बाई, तो डिझेल इंजिनाचा महिन्याभराचा वर्ग असतो ना तुमच्याकडे? त्याचंही खर्चपत्रक द्या. जूनच्या वर्गाचं.”

“ऑगस्टचा घ्या, निवांत. जूनमध्ये आमच्या त्या शेडची भट्टी होते.”

“ऑगस्ट नको. उशीर होईल.”

“तुम्हाला कसला उशीर? वयाची अट मुलांना, सव्विसाव्या वाढदिवसाच्या आत संपवायचं. तुम्ही ऐंशीव्या वर्षी या.”

“जूनचाच द्या,” हार्लन म्हणाले. बाई म्हणाल्या, जेवून या, तोवर काढून ठेवते.

समोरच्या खानावळीत शेल्बीने माशाच्या ताटाला हात लावला नाही. आता तिला सगळं कळलं होतं. अंगणात तो जुना डिझेल ट्रक चार वर्षं ठोकळ्यांवर उभा होता. तिच्या भावाने, क्लेटनने, त्याचं इंजिन खोलून गवतावर मांडलं, बापाशी भांडला आणि तसाच तल्साला निघून गेला. तेव्हापासून घरात त्याचं नाव निघत नसे. भंगारवाला दोनदा आला, दोन्हीदा हार्लननी त्याला फाटकातूनच परत धाडलं.

“त्या डबड्यासाठी माझा महिना?” ती म्हणाली. “या वयात इंजिन जोडायला शिकणार तुम्ही?”

“शिकायला वय लागतं का?”

“डॅडी, मला शेवटच्या महिन्यासाठी कर्ज काढावं लागेल. त्या ट्रकवर तुमचा माझ्यापेक्षा जीव आहे, असं सरळ सांगा ना!” तिचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने वळून पाहिलं.

हार्लननी काटा खाली ठेवला. “कर्ज काढायचं नाही. बोट विकतो.”

बोट म्हणजे त्यांचा प्राण. दर रविवारी पहाटे चर्च चुकवून तळ्यावर जात, आणि देवालाही मासे आवडतात असं वर पाद्र्याला सुनावत.

“बोट विकाल, पण महिना देणार नाही?”

“नाही.”

“हट्टी म्हातारा!”

“मासे खा. गार होतायत.”

तिने खाल्ले नाहीत. तिला बोटही नको होती. बापाने एकदा तरी विचारलं असतं, तर तो महिना तिने हसत सोडला असता. न विचारता बाजूला ठेवला, ते लागलं होतं.

दोघं परत आली तेव्हा मिसेस इबारांनी दुसरं पत्रक छापायला घेतलं होतं. शेल्बी दाराशी हाताची घडी घालून उभी राहिली.

“घ्या सार्जंट. शिकवणीची फी त्या एका महिन्यात बसते. हत्यारांची पेटी आणि जाड बूट तेवढे पदरचे. बुटांचं माप सांगा, ते मी घाऊक भावात मिळवून देते.”

“तेरा.”

शेल्बीने वडिलांच्या पायांकडे पाहिलं. त्यांच्या पायात दहाचे होते.

“बरं, आता विद्यार्थ्याचं नाव,” बाई टंकू लागल्या. “हार्लन, एच, ए...”

“नाही, बाई.” हार्लननी घसा खाकरला. टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “क्लेटन लिहा. माझा थोरला.”